शून्य धोक्याचा प्राणी

१५ एप्रिल

छोटीची परीक्षा संपली. सुट्टीची भेट म्हणून तिला सायकल हवी आहे. सायकल! दोनच चाकं आणि डोकं उघडं. खोक्यांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर असलेल्या माणसाने पोटच्या पोरीला सायकलवर बसवायचं म्हणजे हद्द झाली. 'विचार करतो' म्हणालो. विचार केव्हाच झालेला आहे.

भेट मात्र द्यायचीच आणि ती जिवंत असावी, असं ठरवलं. आठ वर्षांच्या मुलीला जबाबदारी कळायला हवी. सगळ्या प्राण्यांचा धोक्याच्या दृष्टीने आढावा घेतला. कुत्रा: जबडा. मांजर: नखं. शिवाय ते कपाटावर चढून माणसाकडे बघत बसतं, ते मला पटत नाही. पोपट: सीलिंग फॅन. मासे दिसायला गरीब, पण काच, पाणी आणि विजेचा पंप एकाच ठिकाणी, यावर मी कारखान्यात कधीच सही केली नसती. ससा: काहीच नाही. ओरडत नाही, उडत नाही, गवत खातो. शून्य धोका. घरात कोणाला सांगणार नाही. सरप्राइज.

१६ एप्रिल

ससा आणला. दुकानदार म्हणाला, की साहेब, ससा म्हणजे काही कटकटच नाही, गाजर टाकायचं आणि विसरून जायचं. सुट्ट्या लागल्या की धडाधड जातात म्हणे. परत किती येतात असं विचारणार होतो, तेवढ्यात त्याने खोकं हातात दिलं.

खोकं भलतंच हलकं. आत काहीतरी खरवडत होतं. शेजारच्या सीटवर ठेवून त्याला बेल्ट लावला. वाटेत दोनदा गाडी बाजूला घेऊन खाली उतरलो. इंजिनाचा आवाज तपासायचा होता आणि तो बाहेरूनच नीट ऐकू येतो. खरवडणं थांबलं तेव्हा इंजिनही ठीक वाटलं.

घरी येऊन हॉलच्या मधोमध खोकं उघडलं. छोटी पाय वर घेऊन सोफ्यावर बसली ती तिथून हललीच नाही. एक शब्द नाही. आनंदाने पोरीची वाचाच बसली. बायको म्हणाली, की अहो, पण याचं सगळं करणार कोण? मी म्हणालो, यात शून्य धोका आहे, छोटी करेल, तोच तर यातला धडा आहे. सासूबाई सुट्टीपुरत्या आमच्याकडे आल्या आहेत. त्या म्हणाल्या, की सशाचं काळीज घरात एक होतंच, आता अख्खा ससा आला. त्यांचा रोख कोणाकडे होता ते कळलं नाही.

१७ एप्रिल

नाव ठेवलं: मॅनेजर. छोटी म्हणाली, की हा काही न करता सगळ्यांकडे नुसता बघत असतो. नाव मला विशेष रुचलं नाही, पण मुलांच्या कल्पनाशक्तीला लगाम घालू नये.

त्याने जांभई दिली तेव्हा दात पाहिले. लांब आहेत. इंटरनेटवर वाचलं, की सशाचे दात जन्मभर वाढतच राहतात. जन्मभर! ही माहिती दुकानातच मोठ्या अक्षरांत लावायला हवी. तातडीने कारखान्यातली पिवळी-काळी टेप आणून हॉलचा एक कोपरा आखून टाकला. टेपच्या आत मॅनेजर, टेपच्या बाहेर माणसं. छोटीने नियम इतका मनावर घेतलाय, की ती टेपच्या जवळपासही फिरकत नाही. बाथरूमला जायचं तरी भिंतीला पाठ लावून, लांबून जाते. इतकी शिस्त मी फोर्कलिफ्टवाल्यांत पाहिली नाही.

मॅनेजर स्वतः टेप पाळत नाही. संध्याकाळी त्याने ती खाल्ली.

१९ एप्रिल

टीव्हीची वायर गेली. मग टेबललॅम्पची. मग माझा चार्जर. वीज चालू होती की बंद, हे बघायला मेन स्विचपर्यंत दोनदा जाऊन आलो. सगळ्या वायरी आता कपाटावर आहेत. टीव्ही बघायचा तर वायर खाली आणून, एकाने पहारा देऊन बघावा लागतो. पहाऱ्याला सासूबाई बसतात, त्यामुळे मालिका त्यांच्याच.

शिवाय हा मागचा पाय जमिनीवर आपटतो. धप्प! पहिल्यांदा मला वाटलं, गॅस सिलिंडर. मी जिन्यात उभा होतो तेव्हा लक्षात आलं, की घरचे सगळे आतच आहेत आणि हसताहेत. इमारत आधी रिकामी करायची आणि मग कारण शोधायचं, हा नियमच आहे. मी नियम पाळला, एवढंच.

एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी. हा पाय फक्त मी घरात शिरलो की आपटतो. इतरांना नाही. घरातला मुख्य माणूस कोण, हे मुक्या प्राण्यालाही उमगतं.

२१ एप्रिल

लेंड्या. सोफ्याखाली, चपलांत, आणि एक माझ्या डब्याच्या पिशवीत. सफाईची जबाबदारी छोटीची, पण तिचं रोज सकाळी पोट दुखतं. नेमकं झाडू हातात घ्यायच्या वेळेला. सुट्टीत मुलं अरबट-चरबट खातात, दुसरं काय! तूर्त सफाई बायको करते आणि देखरेख मी करतो.

बायको म्हणाली, की अहो, देखरेख करताना खुर्चीवर उभं राहायलाच हवं का? खुर्चीवरून सगळा मजला एका नजरेत दिसतो. हे तिला समजावून सांगितलं. तिने झाडू खुर्चीला टेकवून ठेवला आणि आत निघून गेली.

संकल्प: उद्यापासून मॅनेजरला स्वतः उचलून घेणार. घरच्या माणसाने हात लावल्याशिवाय प्राणी माणसाळत नाही. भीतीचा प्रश्नच येत नाही.

२३ एप्रिल

साधनं: वेल्डरचे चामड्याचे हातमोजे, चेहऱ्यावर पारदर्शक शील्ड, सेफ्टी शूज. सुसज्ज होऊन हॉलमध्ये गेलो. छोटी किंचाळली. मी शील्ड वर करून मीच आहे हे दाखवलं, तरी ती थोडा वेळ आजीला धरून उभी होती.

मॅनेजरला दोन्ही हातांनी वरून पकडलं. त्याने मागच्या पायांनी असा काही झटका दिला, की हातमोजा एकीकडे, मी टीपॉयवर आणि तो फ्रिजच्या मागे. छातीचे ठोके कानात ऐकू येत होते. माझे. जखम कोणालाच नाही. आमच्या भाषेत याला 'थोडक्यात टळलेला अपघात' म्हणतात आणि ती चांगली गोष्ट मानतात.

सासूबाई म्हणाल्या, की जावईबापू, त्या टीपॉयलाही शील्ड घाला.

२५ एप्रिल

यश! निर्भेळ यश!

इंटरनेटवर एक व्हिडिओ सापडला. ससा उचलायचा आणि बाळासारखा उताणा करून हातावर घ्यायचा. बस्स. मी केलं. पहिले काही क्षण माझेच पाय लटपटत होते. (दिवसभर उभं राहून काम असतं.) पण उताणा होताक्षणी मॅनेजर शांत! चारही पाय वर, डोळे सताड उघडे, मिशीचा केससुद्धा हलत नाही. ना झटका, ना दात. जणू ध्यानाला बसला. हाच तो प्राणी, ज्याच्यासाठी मी खुर्चीवर उभा राहत होतो. म्हणजे देखरेखीसाठी.

हा विश्वास आहे. संपूर्ण विश्वास. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याजवळ बसून मला घाम आला नाही. आता रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, असा दोन वेळचा क्रम ठेवणार. सवय लागली पाहिजे.

२८ एप्रिल

क्रम उत्तम चालू आहे. आता तर मी हात पुढे केला, की तो आपोआप जमिनीला चिकटून सपाट होतो. पळत नाही. वाट बघत असतो म्हणायचा.

आज आमचे मोठे साहेब सपत्नीक घरी आले होते. त्यांना प्रात्यक्षिक दाखवलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग म्हटलं, जिच्यासाठी आणला त्या पोरीलाही मान मिळायला हवा, म्हणून ससा तसाच उताणा छोटीच्या हातांवर ठेवला. छोटी इतकी छान उभी राहिली, की काय सांगू. हात पुढे, मान ताठ, पापणी लवत नाही. दोघंही अगदी सारखे दिसत होते. साहेब म्हणाले, की मुलगी भारीच शांत आहे हो तुमची. मी म्हणालो, संस्कार. बायको पुढे झाली, ससा तिच्या हातांतून काढून घेतला आणि छोटीला स्वयंपाकघरात घेऊन गेली. पाहुण्यांसमोर असं बरं दिसत नाही, हे मी तिला नंतर सांगितलं. त्यानंतर भांडी बरीच वाजली.

साहेबांना एक कल्पना सुचली आहे. परवा कारखान्यात आगीचं मॉक ड्रिल आहे. मॅनेजरला घेऊन या म्हणाले.

३० एप्रिल

आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहावा असा.

ड्रिलचा विषय 'गोंधळ नको, घबराट नको'. शिफ्टची सगळी माणसं कागदाच्या रिळांपलीकडच्या मोकळ्या जागेत जमली. मी टेबलावर उभा, हातात मॅनेजर उताणा. मागे पन्हळी पुठ्ठ्याचं मशीन धडधडतंय, वाफेच्या पाइपांचा फुसफुसाट. इशारा केला. सायरन वाजला. आमचा सायरन ऐकून नवी माणसं कान धरून खाली बसतात. मॅनेजर? ढिम्म! कानसुद्धा हलला नाही. मी माइकवरून म्हणालो, की मित्रांनो, एवढासा जीव, पण पाहा. संकटात डोकं शांत ठेवणं याला म्हणतात.

पॅकिंगमधल्या एक बाई म्हणाल्या, की साहेब, जिवंत आहे ना हो तो? हशा पिकला. साहेबांनी सायरन आणखी दोनदा वाजवायला सांगितला. व्हिडिओ हेड ऑफिसला जाणार आहे.

घरी आल्यावर मॅनेजर खोक्यातून लवकर बाहेर आला नाही. दमला असेल. मीही दमलो.

१ मे, सकाळ

आज फरशी स्वच्छ. एकही लेंडी नाही. प्रशिक्षणाचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं. बायकोला अभिमानाने दाखवलं. ती म्हणाली, की अहो, त्याने कालपासून काही खाल्लेलंच नाही, तर लेंडी कुठून येणार?

छोटीनेही सांगितलं, की कालची पालेभाजी तशीच आहे, गाजरसुद्धा तसंच आहे, आणि तो कोपऱ्यात पाठ वाकवून बसलाय. एवढ्या लांबून तिने हे सगळं टिपलं, हे विशेष. मी म्हणालो, एखादा दिवस पोटाला आराम बरा. आज महाराष्ट्र दिनाची सुट्टी, पण आमची तपासणीची ड्यूटी आहे, निघतो. सकाळचा क्रम मात्र चुकवला नाही. हातावर घेतला तर एकदम शांत. नेहमीपेक्षाही शांत.

१ मे, दुपार

बायकोचा फोन. मॅनेजर दात करकरा वाजवतोय आणि डोळे अर्धे मिटलेत. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत बघू. ती म्हणाली, की तुम्ही बघा, मी निघाले. फोन ठेवला.

मी कामाला लागलो. आग विझवायच्या नळकांड्यांवरचे काटे तपासायचे होते. एकाच नळकांड्यासमोर बराच वेळ उभा होतो, आणि काटा कुठे आहे ते आता आठवत नाही. साहेबांना सांगून निघालो.

१ मे, संध्याकाळ

जनावरांच्या डॉक्टरबाई वयाने लहान आहेत आणि त्यांचं मत थोडं एकांगी वाटलं. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर शांतपणे खोडून काढता येईल.

त्यांनी मॅनेजरचं पोट दाबून पाहिलं. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं म्हणाल्या. गाजर नव्हे, त्याला दिवसभर सुकं गवत चघळायला हवं. आणि फार घाबरला, की आतडं थांबतं. अर्धा-पाऊण दिवस उपाशी राहिला तरी ससा दगावू शकतो. मग त्यांनी विचारलं, की हा कशाला घाबरलाय? घरात कुत्रा आहे का?

मी म्हणालो, छे, घाबरणं त्याच्या स्वभावातच नाही. आणि त्यांना दाखवावं म्हणून त्याला उताणा करायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट धरलं. बायको फक्त माझ्याकडे बघत होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, की उताणा केल्यावर तो शांत होत नाही, मेल्याचं सोंग घेतो. ससाण्याने नाहीतर कोल्ह्याने धरलं, पळायला वाट उरली नाही, की सशाकडे एवढंच शिल्लक असतं. हलायचं नाही. कदाचित सोडून देईल, या आशेवर. मी म्हणालो, पण किती शांत दिसतो! त्यांनी तपासायची नळी माझ्या कानांना लावली आणि दुसरं टोक त्याच्या छातीवर ठेवलं.

शिलाई मशीन भरधाव सोडल्यासारखा आवाज होता. ठोके वेगळे ऐकूच येत नव्हते.

रोज सकाळी. रोज संध्याकाळी. आणि सायरन.

सायरनचं मी डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. बायकोने सांगितलं.

इंजेक्शनं दिली, पोटाचं औषध दिलं. सिरिंजने थोडं थोडं भरवायचं, उबेत ठेवायचं, शांतता ठेवायची आणि लेंडी येते का बघायचं. आली तर आतडं सुरू झालं. नाही आली तर... आणखी एक. ज्या माणसाने हे केलं त्याने सध्या समोर जाऊ नये. मी विचारलं, सध्या म्हणजे किती दिवस? त्या म्हणाल्या, की ते मॅनेजर ठरवेल.

२ मे

रजा टाकली आहे. जिन्यात बसून लिहितोय. घरातच दुसऱ्या खोलीत बसणार होतो, पण माझ्या पावलांचा आवाज झाला, की तो धप्पकन पाय आपटतो. म्हणजे आपटायचा. आज पाय उचलण्याइतकीही ताकद नाही, नुसता थरथरतो. म्हणून जिना.

भरवायचं काम छोटीने घेतलं आहे. बायको त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून धरते आणि छोटी फरशीवर पालथी पडून सिरिंज लावते. डॉक्टरबाईंनी सांगितलंय म्हणे, की उभा माणूस सशाला राक्षस दिसतो. दाराच्या फटीतून पाहिलं. पोरीने हात जेवढा लांब करता येईल तेवढा केला होता, पण सिरिंज सोडली नाही. उरलेली पिवळी-काळी टेप तिनेच ओढून काढली.

मला भीती वाटत नाही. अंदाज घेणं वेगळं. ससा गेला तर छोटीला काय सांगायचं, याची तयारी असावी म्हणून एक छोटंसं भाषण तयार केलं. 'बाळा, प्राण्यांचं आयुष्य आपल्यापेक्षा कमी असतं' असं सुरू होतं. जिन्यातल्या भिंतीसमोर म्हणून पाहिलं. दुसऱ्या वाक्याशी थांबलो. आयुष्य कमी नव्हतं त्याचं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, की नीट ठेवला तर ससा आठ-दहा वर्षं सहज जगतो. सुधारित भाषण लिहायला घेतलं. जमत नाही. पोरगी माझ्याकडे बघून विचारणार, की बाबा, का मेला? त्यापुढचं पान कोरं आहे.

तासातासाला बायकोला फोन करतो. दारामागे आहे ती, पण हाक मारायची सोय नाही. फोनवर हळूच विचारतो, लेंडी? ती म्हणते, नाही. वरच्या मजल्यावरचे बँकवाले जिना उतरत होते. त्यांनी ऐकलं. दोन पायऱ्या एकदम उतरून गेले.

साहेबांचा फोन आला. ड्रिलचा व्हिडिओ हेड ऑफिसला भलताच आवडलाय. नेटवर्क नाही असं सांगून फोन कापला.

३ मे

लेंडी नाही. डॉक्टरबाई घरी येऊन गेल्या. आणखी एक इंजेक्शन. जाताना जिन्यात माझ्याजवळ थांबल्या. मला वाटलं, धीर देतील. म्हणाल्या, की आजची रात्र निघाली तर बघू.

सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवर माझ्या शेजारी बसल्या. टोमणा येणार म्हणून मी अंग चोरून बसलो. टोमणा आला नाही. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. सासूबाईसुद्धा गप्प, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं.

त्या एवढंच म्हणाल्या, की पोरगी जेवली नाहीये. तो खाईपर्यंत खाणार नाही म्हणते.

एका घरात दोन उपाशी. मी चहा प्यायलो.

४ मे

लेंडी आली!

एकच, मिरीच्या दाण्याएवढी. सासूबाईंनी ती वर्तमानपत्राच्या कपट्यावर ठेवून जिन्यात मला दाखवायला आणली. एरवी लेंड्यांच्या नावाने आठवडाभर कडाकडा बोटं मोडणारी बाई, पण चेहरा असा, जणू हिरा सापडला. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. जिन्यात धूळ फार.

मग माझ्याच्याने राहवलं नाही. धावत आत गेलो. सेफ्टी शूज पायांतच होते. छोटी फरशीवर पालथी होती, मॅनेजर तिच्या कोपराला टेकून गवताची एक काडी चघळत होता. मी 'शाब्बास!' म्हणालो. थोडं मोठ्याने झालं असेल.

काडी तशीच टाकून तो कपाटाखाली गेला. पुन्हा काही खाईना. छोटी ओरडली नाही, रडली नाही. फरशीवरूनच मान वळवून, हळू आवाजात म्हणाली, की बाबा, प्लीज, तुम्ही बाहेर जा ना.

पुन्हा जिन्यात आहे. कारखान्यात आम्ही शिकवतो, की आधी धोका ओळखा, मग त्याला माणसांपासून वेगळं करा. पायऱ्यांवर बसून बसून पाठ आखडली.

७ मे

मॅनेजर वाचला. कालपासून भरभर खातोय, लेंड्या भरपूर. छोटीही जेवली.

डॉक्टरबाईंच्या ओळखीच्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई आहेत. त्यांच्याकडे मागच्या अंगणात चार ससे आहेत. सगळे असेच सुट्टीत भेट म्हणून आलेले आणि सुट्टी संपल्यावर नकोसे झालेले. सशाला सशाची सोबत लागते म्हणे. मॅनेजरला तिथे ठेवावं असं बायको म्हणाली. छोटी लगेच हो म्हणाली. एवढं जागून, उपाशी राहून वाचवलेला ससा सोडायला एका झटक्यात तयार! मी थोडा वेळ गंभीरपणे विचार करून परवानगी दिली. ती कोणी मागितली नव्हती, पण असे निर्णय घरातल्या मुख्य माणसाच्या संमतीने झालेले बरे.

पुढच्या सुट्टीसाठी कासवाचा विचार चालू आहे. चावायला निघालं तरी पोहोचेपर्यंत आपल्याला वेळ मिळतो.

९ मे

आज मॅनेजरला पोहोचवून आलो. सासूबाई आणि बायको घरीच राहिल्या. छोटी खोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली होती. मी गाडी कुठेही थांबवली नाही.

ग्रंथपाल बाई अंगणात जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि खोकं आडवं करून ठेवलं. कोणी त्याला बाहेर काढलं नाही. सगळे नुसते बसून राहिलो. मला कुंपणाबाहेर बसवलं होतं. बऱ्याच वेळाने तो आपणहून आला, बाईंच्या पायावरून उडी मारून गेला आणि दुसऱ्या एका तपकिरी सशाच्या शेजारी आडवा पडला. पाय लांब करून, पोट टेकून. छोटी मला म्हणाली, की बाबा, बघा, हा खरा शांत.

परत येताना ती पुढे बसली. मी म्हणालो, तुला वाईट वाटत असेल. ती म्हणाली, की थोडं. मग म्हणाली, की बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना? मला त्याची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. खूप. म्हणून पोट दुखायचं.

मी म्हणालो, मग सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, की तुम्ही इतके खूश होतात. आणि तुम्ही म्हणालात, यात शून्य धोका आहे. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

साहेब आले होते त्या दिवसाबद्दल विचारलं. मी तो हातांवर ठेवला तेव्हा? ती म्हणाली, की तेव्हा मी काहीच केलं नाही, नुसती उभी राहिले. आईने तो काढून घेईपर्यंत.

मग एवढे दिवस त्याच्याजवळ पालथी पडून होतीस, तेव्हा भीती नाही वाटली? तेव्हापण वाटत होती, म्हणाली, पण त्याला माझ्यापेक्षा जास्त वाटत होती ना!

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिला विचारलं, की अजून असं काही आहे का, ज्याची तुला भीती वाटते आणि तू मला सांगितलेलं नाहीस?

तिने हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिली. सिग्नल सुटला. घर येईपर्यंत ती जराही हलली नाही.

मला भीती वाटली.